परत आलेला वीर : मेजर रामा राघोबा राणे

वीरपुरुषांचें स्मरण करण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. पोवाडा असो, शाळेंतील धडा असो, कीं चौकांतील पुतळा असो, कथेचा शेवट बहुधा मरणांत होतो. बाजीप्रभु घोडखिंडींत पडले, मुरारबाजी पुरंदरावर पडले, तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले. आणि पडले म्हणूनच जणूं कांहीं ते आमच्या ध्यानांत राहिले. मरण हें वीरचरित्राचें अखेरचें पान. तें पान नसलें तर पोथी अपुरी राहिली असें वाटण्याची आम्हांला संवय जडली आहे. मग जो वीर जिवंत परत येतो, त्याचें काय करावयाचें? तो लग्न करतो, संसार थाटतो, वाण्याचें बिल चुकतें करतो, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतो, म्हातारा होतो आणि एके दिवशीं रुग्णालयांतील खाटेवर डोळे मिटतो. अशा माणसाचें स्मरण कोणत्या शब्दांनीं करावें?

आज ज्यांच्याविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, ते असेच एक परत आलेले वीर होते. त्यांचें नांव मेजर रामा राघोबा राणे. परमवीरचक्र हा आपल्या देशांतील रणशौर्याचा सर्वोच्च बहुमान. तो ज्यासाठीं मिळाला त्या पराक्रमानंतर हा पुरुष शेंचाळीस वर्षें आपल्यांत वावरला. त्यांचा पराक्रम चार दिवसांचा आणि त्यांचें उरलेलें आयुष्य चार तपांच्या जवळपास! या दोहोंचा कांहीं आंतरिक संबंध आहे काय, हा आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे.

राणे यांचा जन्म 26 जून 1918 रोजीं कारवारजवळच्या चेंडिया या गांवीं झाला. तो मुलूख त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. आज तो कर्नाटक राज्याच्या उत्तर कन्नड जिल्ह्यांत आहे. वडील पोलीसखात्यांत नोकरीला. सरकारी नोकराच्या घरीं बदलीचा हुकूम कसा येतो आणि मुलांच्या शाळेची कशी आबाळ होते, हें आपल्यापैकीं पुष्कळांना अनुभवानें ठाऊक आहे. रामाच्या शिक्षणाचीही तशीच ओढाताण झाली. 1930 सालीं देशभर कायदेभंगाचें वारें सुटलें, आणि कारवारच्या शेजारीं अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हां हा मुलगा अकराबारा वर्षांचा होता. त्याचें मन चळवळीकडे ओढलें गेलें. बाप पोलिसांत आणि मुलगा कायदेभंगाकडे झुकलेला! वडिलांनीं कुटुंबाला पुन्हां चेंडियाला आणून ठेवलें. बापाच्या काळजीला राजकारण कळत नसतें असें म्हणतात; कदाचित् तें सर्वांत आधीं तिलाच कळत असावें.

पुढें दुसरें महायुद्ध पेटलें. 10 जुलै 1940 रोजीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, राणे सैन्यांत दाखल झाले. ते ज्या दळांत गेले त्याचें ठाणें पुण्याजवळ खडकीला. बाँबे सॅपर्स या नांवानें तें दळ सर्वांना परिचित आहे. सॅपर म्हणजे केवळ लढणारा शिपाई नव्हे. पूल बांधणें, रस्ते करणें, सुरुंग शोधणें व काढणें, नदी ओलांडण्याची सोय करणें, आणि माघार घेतांना शत्रूच्या हातीं उपयोगाचें कांहीं पडूं नये म्हणून आपलेंच बांधकाम उडवून देणें, हीं सारीं त्याचीं कामें. गवंडी, सुतार, पाथरवट आणि शिपाई हे चौघे एकाच गणवेषांत वावरतात म्हणा ना! या दळांत राणे आपल्या तुकडीचे उत्कृष्ट रिक्रूट ठरले व सेनापतीची मानाची छडी त्यांना मिळाली.

ब्रह्मदेशांतील आराकानच्या मोहिमेंत त्यांची कसोटी लागली. सैन्य माघार घेत असतां बुथिडाँग येथें मागें राहून महत्त्वाचें साहित्य नष्ट करण्याचें काम त्यांच्या माणसांकडे आलें. काम आटोपल्यावर त्यांना नौदलानें उचलून न्यावें असें ठरलें होतें. काम आटोपलें, परंतु ठरलेली नौका कांहीं भेटली नाहीं. नदीवर जपान्यांचा पहारा. अशा स्थितींत ही माणसें आपल्या हिंमतीवर नदी ओलांडून आपल्या सैन्याला जाऊन मिळालीं. दिलेलें काम पुरें करावयाचें आणि मग आपल्या माणसांना सुखरूप घरीं आणावयाचें, हे दोन धडे राण्यांनीं तेथेंच गिरविले. त्यांतला दुसरा धडा पहिल्याइतकाच कठीण आहे, हें कोणताही कुटुंबप्रमुख सांगूं शकेल.

देश स्वतंत्र झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस राणे सेकंड लेफ्टनंट झाले. साधा शिपाई म्हणून शिरलेला मनुष्य साडेसात वर्षांत अधिकारी झाला. तोंपर्यंत काश्मीरचें युद्ध पेटलें होतें. 24 डिसेंबर 1947 रोजीं झांगर हें मोक्याचें ठाणें आपल्या हातून गेलें. तें परत मिळेपर्यंत खाटेवर निजणार नाहीं, असा पण ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनीं केला होता, आणि 18 मार्च 1948 रोजीं तो पुरा झाला. आतां पुढचें लक्ष्य राजौरी. नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा हा मार्ग फार जुना. मोगल बादशहा याच वाटेनें काश्मिरांत जात. 1627 सालीं परतीच्या प्रवासांत जहांगीर मरण पावला, आणि त्याचीं आंतडीं याच मार्गावरील चिंगस येथें पुरलीं असें सांगतात. परंतु 1948 च्या एप्रिलांत ही शाही वाट राहिली नव्हती. शत्रूनें झाडें पाडून ती अडविली होती, मोऱ्या उडविल्या होत्या, भराव तोडले होते आणि जागोजाग सुरुंग पेरले होते. दोहों बाजूंच्या डोंगरांवर मशीनगना रोखलेल्या होत्या. पायदळाला डोंगर चढून जातां येईल. रणगाड्यांना आणि मागून येणाऱ्या अन्नधान्याच्या व दारूगोळ्याच्या गाड्यांना रस्ताच पाहिजे. तो रस्ता मोकळा करण्याचें काम 37 असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे आलें, आणि तिचे नायक होते सेकंड लेफ्टनंट राणे. वय एकोणतीस.

आतां या चार दिवसांची हकीकत मी जराशी तपशीलानें सांगतों; कारण तिचें मर्म तपशीलांतच आहे. 8 एप्रिलच्या सकाळीं अकराच्या सुमारास राणे व त्यांचे सहकारी रणगाड्यांजवळ काम सुरू करण्याच्या तयारींत होते. तोंच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन माणसें ठार झालीं. पांच जखमी झालीं, आणि त्या पांचांत राणे स्वतः होते. त्यांनीं उरलेल्या माणसांची पुन्हां जुळणी केली व कामाला हात घातला. चौथ्या डोग्रा पलटणीनें सायंकाळीं साडेचारच्या सुमारास बरवाळीचा डोंगर जिंकला. आसपास शत्रू अजून शिल्लक आहे हें ठाऊक असूनही राणे पुढें गेले आणि रणगाड्यांसाठीं वळणाचा रस्ता करूं लागले. रात्रीं दहापर्यंत तें काम चाललें, तेंही मशीनगनच्या माऱ्यांत.

दुसऱ्या दिवशीं, 9 एप्रिलला, सकाळीं सहाला काम पुन्हां सुरू. दुपारीं तीनला वळणरस्ता तयार झाला. रणगाड्यांचा ताफा निघाला, तेव्हां राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडींत बसले. अर्धा मैल गेले नाहींत तोंच चिडाचीं झाडें आडवीं पडलेलीं. उतरून सुरुंगानें तीं उडविलीं. आणखी तीनशें यार्डांवर पुन्हां तोच प्रकार. मग सापासारखी वळलेली वाट आणि उडवून दिलेली मोरी. तेथें गोळीबार सुरू झाला. तरी बाजूनें वाट काढली. सव्वासहा वाजले, उजेड मावळूं लागला, आणि पुढें चिडाचे पांच मोठे वृक्ष, भोंवतीं सुरुंग व वर मशीनगनचा पहारा. राणे याही कामाला लागले होते. परंतु ताफ्याच्या प्रमुखानें अंधार ओळखून मुक्काम करावयास लाविलें.

10 एप्रिलला पहाटे पावणेपांचाला ते त्याच पांच वृक्षांपाशीं हजर झाले. साडेसहाला तो अडसर दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि तुटलेल्या भरावांची एकच रांग. तीही साडेदहापर्यंत मोकळी झाली. तेथून रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रांतून पुढें निघाले व दुपारीं दोनला चिंगसला पोंचले. येथें एखादा म्हणाला असता कीं, आतां माझें काम झालें. परंतु रणगाडे पुढें गेले तरी मागची रसद यावयाची होती, आणि रसदेवांचून पुढें गेलेलें सैन्य म्हणजे उपाशी पाहुणा. राणे अन्न व विश्रांति यांवांचून रात्रीं नऊपर्यंत रस्ता साफ करीतच राहिले. 11 एप्रिलला पुन्हां सकाळीं सहाला आरंभ. अकराला चिंगसपर्यंतचा मार्ग खुला. आणि त्यापुढील रस्त्याचें काम रात्रीं दहापर्यंत. 12 एप्रिल 1948 रोजीं आपलें सैन्य राजौरींत शिरलें.

श्रोतेहो, या हकीकतींत आपल्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. येथें शत्रूच्या छातींत भाला खुपसल्याचें वर्णन नाहीं, कीं एकट्यानें शंभरांना लोळविल्याचा दाखला नाहीं. येथें आहे तें घड्याळ! सकाळीं सहा, रात्रीं दहा. पुन्हां सकाळीं सहा, दुपारीं तीन. पुन्हां पहाटे पावणेपांच. सुरुंग पेरणाऱ्याला एकच क्षण पुरतो; काढणाऱ्याला प्रत्येक वीत जमीन बोटांनीं चांचपावी लागते. लढणाऱ्याला क्रोधाचें साहाय्य असतें, झिंग असते. सुरुंग काढणाऱ्याला क्रोध उपयोगाचा नाहीं. त्याचा हात थरथरला कीं संपलें. त्यांतून हा हात जखमी माणसाचा आहे आणि वरून गोळ्या येत आहेत! रणगाड्याच्या पोटाखालीं सरपटत राहून, दोरीच्या खुणेनें चालकाला चाल व थांब असा इशारा देत, त्यांनीं सुरुंगांतून वाट काढल्याची कथा सैन्यांत सांगतात. तिच्यांतलें चित्र मनांत ठसणारें आहे खरें. तरीपण मला स्वतःला त्या दोरीपेक्षां दुसऱ्या दिवशींचें सकाळचें सहा वाजणें अधिक मोठें वाटतें. एकदां धैर्य दाखविणें ही ईश्वरी देणगी असूं शकेल. झोपून उठल्यावर, जखम थंड झाल्यावर, कालचे दोन सोबती आज नाहींत हें ध्यानांत आल्यावर, पुन्हां तेंच धैर्य दाखविणें याला मात्र शील लागतें.

राजौरींत शिरतांना सैनिकांना जें दिसलें तें वर्णन करण्याजोगें नाहीं. शत्रूनें जातांना तेथील रहिवाशांची कत्तल केली होती. प्रेतांनीं भरलेले खड्डे सांपडले. आसपासच्या रानांत लपलेले जीव धरून राहिलेले लोक सैन्य आलेलें पाहून बाहेर आले. रस्ता एक दिवस आधीं खुला होणें वा एक दिवस उशिरां खुला होणें याचा अर्थ काय होता, तो त्या लोकांना विचारावा. सॅपरच्या हातांतील काम म्हणजे निव्वळ दगडमाती नव्हे. त्या वाटेच्या टोंकाशीं कुणाचीं तरी लेंकरें बसलेलीं असतात.

26 जानेवारी 1950 रोजीं परमवीरचक्राची स्थापना झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना तें लागू करण्यांत आलें. या पदकाच्या घडणीशीं आपल्या महाराष्ट्राचा एक हृद्य संबंध आहे. त्याची आकृति योजिली ती सावित्रीबाई खानोलकर यांनीं. स्वित्झर्लंडांत जन्मलेली ही स्त्री आपल्या देशांत येऊन विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशीं विवाहबद्ध झाली, आणि आपल्या पुराणांत इतकी रमली कीं पदकासाठीं तिनें इंद्राचें वज्र निवडलें. हें वज्र दधीचि ऋषींच्या अस्थींचें. देवकार्यासाठीं देह ठेवणाऱ्या ऋषीहून अधिक समर्पक प्रतीक तें कोणतें?

त्या पहिल्या काश्मीर युद्धांत पांच जणांना परमवीरचक्र मिळालें. मेजर सोमनाथ शर्मा, नायक जदुनाथ सिंह आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह या तिघांनीं दधीचीप्रमाणें देह ठेवला. लान्स नायक करम सिंह आणि राणे हे दोघे जिवंत परतले. त्या तिघांपुढें आपण नम्र होतों तें योग्यच आहे. पण या दोघांनाही वज्र मिळालें, यांत त्या पदकाच्या कर्त्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट सांगून ठेविली आहे, असें मी मानतों. अस्थि देण्याचे प्रकार दोन आहेत. एक देह ठेवून, एकदम. दुसरा देह झिजवून, रोज थोडथोड्या.

तानाजीची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. घरीं मुलाच्या लग्नाची तयारी, आणि तें लग्न बाजूला सारून तो गडावर गेला. त्या कथेंत संसार मागें राहतो आणि मरण पुढें येतें. राणे यांच्या चरित्रांत क्रम उलटा आहे. पराक्रम 1948 चा. लग्न 1955 चें. मरणाच्या दारांतून जाऊन आलेल्या माणसानें मग उंबरठा ओलांडला तो गृहस्थाश्रमाचा. सैनिकाच्या घरचा गृहस्थाश्रम म्हणजे पुन्हां बदलीचे हुकूम, पुन्हां बांधाबांध, पुन्हां नवी शाळा. जी ओढाताण स्वतःच्या बालपणीं सोसली, तिचाच दुसरा अंक, आतां बापाच्या भूमिकेंतून. 1968 च्या जूनमध्यें मेजरच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. त्या अवधींत युद्धवृत्तांतांत त्यांचा पांच वेळां गौरवानें उल्लेख झाला. निवृत्तीनंतरही सैन्यानें त्यांना पुन्हां कामावर घेतलें व तें काम 1971 च्या एप्रिलपर्यंत चाललें. रस्ता खुला झाला तरी मागची रसद येईपर्यंत थांबावयाचें, ही जुनी खोड येथेंही सुटली नाहीं म्हणावयाची! 11 जुलै 1994 रोजीं पुण्याच्या कमांड हॉस्पिटलांत, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. करम सिंह एक वर्ष आधीं, 1993 सालीं गेले होते.

कोणी म्हणेल, यांत सांगण्यासारखें तें काय? लग्न, नोकरी, निवृत्ति, वार्धक्य, हें तर कोणाचेंही चरित्र आहे. माझें म्हणणें नेमकें तेंच आहे. समर्थ रामदासांनीं प्रपंच नीट करणें हें परमार्थाच्या आधीं सांगितलें, तें कांहीं प्रपंच सोपा म्हणून नव्हे. रणांगणावरील मनुष्याला सारें जग पाहत असतें, निदान त्याचे सोबती तरी पाहत असतात. घरांत कोणी पाहत नाहीं. तेथें उखळी तोफा नाहींत. पण आजारपण आहे, महिन्याची अखेर आहे, रुसवेफुगवे आहेत. बोलण्याआधीं पायाखालची जमीन चांचपून पाहावी लागते, आणि दुसऱ्यानें पेरलेला सुरुंग न चिडतां काढावा लागतो. ज्यानें चार दिवस मृत्यूच्या वाटेवर शांत हातांनीं काम केलें, त्याला उरलेल्या शेंचाळीस वर्षांत कोणी विजयाची दुंदुभि वाजवून उठवीत नव्हतें. तरी सकाळीं उठावयाचें तें होतेंच.

देश त्यांना विसरला असें मात्र नाहीं. भारतीय नौवहन महामंडळानें 1984 सालीं आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचें नांव दिलें. आपल्या नांवाचें जहाज आपल्या हयातींत समुद्रावर जावें, हें भाग्य कारवारच्या किनाऱ्यावरील मुलाला लाभलें. कारवारच्या त्याच किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. 23 जानेवारी 2023 रोजीं अंदमानांतील एकवीस बेटांना परमवीरांचीं नांवें देण्यांत आलीं, त्यांत एक राणे यांच्या नांवाचें आहे. जहाज आतां सेवेंतून गेलें. बेट आणि पुतळा राहिले आहेत.

परंतु पुतळा उभारणें हें सरकारचें काम. स्मरण हें घराचें काम. महाराष्ट्रांत असें गांव विरळा कीं जेथें एखादा जुना सैनिक नाहीं. साताऱ्याकडे, सांगलीकडे, कोल्हापुराकडे, कोंकणांत, आणि शहरांतील चाळींतून व सदनिकांतूनही हीं माणसें राहतात. कोणी बँकेच्या दाराशीं पहाऱ्यावर असतो, कोणी नातवाला शाळेंत पोंचवितो, कोणी बागेंतल्या बांकावर मुकाट बसलेला असतो. त्यांतले पुष्कळ जण युद्धाविषयीं आपण होऊन एक अक्षर बोलत नाहींत. तें मौन रितें नसतें. त्यांच्या घरच्यांनीं, विशेषतः नातवंडांनीं, तें मौन जपून उघडावें. केव्हां भरती झालांत, कोणत्या पलटणींत होतांत, सोबती कोण होते, एवढें विचारावें आणि मिळेल तें वहींत टिपून ठेवावें. ज्या माणसानें आपल्यासाठीं वाट मोकळी केली, त्याच्यापाशीं जावयास आपण वाट ठेवली नाहीं, असें होऊं नये.

सुरुंग काढणाऱ्याच्या कामाची एक मौज आहे. पूल बांधला तर तो दिसतो, किल्ला जिंकला तर त्यावर निशाण फडकतें. पण काढलेला सुरुंग कोणाला दिसत नाहीं. जो स्फोट झाला नाहीं त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. मागून येणारे त्या रस्त्यानें निर्धास्त जातात आणि रस्ता नेहमींच असा होता असें समजतात. चांगल्या वडीलधाऱ्या माणसाचें आयुष्यही असेंच असतें. त्याच्या घरांत मुलें निर्धास्त वाढतात आणि जग असेंच सुरक्षित असतें असें समजतात. तें सुरक्षित कोणी केलें, हें त्यांना फार उशिरां कळतें. मेजर रामा राघोबा राणे यांचें स्मरण करतांना राजौरीच्या वाटेवरील चार दिवस आपण आठवूं. आणि त्याबरोबरच तीं शेंचाळीस वर्षेंही आठवूं, ज्यांत हा वीर तुमच्याआमच्यासारखा रोज सकाळीं उठला आणि आपल्या कामाला लागला.